डाव्या करंगळीचं माप

मापं आली तेव्हा कागदावर नाव नव्हतं, नंबर होता.
डावी करंगळी दुसऱ्या पेरावर वाकडी,
शेजारी कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं :
लहानपणी घोड्यावरून पडली.
तेवढ्यावरून मी तिला ओळखू लागले.

डेलावेअरमधलं हे गाव, एकाच रस्त्याचं.
नदीचं नाव मर्डरकिल, पण आहे गरीब गाय.
सोयाबीनच्या शेताकडेला आमचा कारखाना,
बाहेरून वाटावं, कोंबड्यांची पेंड भरत असतील.
आत आम्ही अकरा बायका
आणि फाम नावाचा एक अबोल गृहस्थ
अंतराळात जाणाऱ्यांचे हातमोजे शिवतो.

टाचण्या मोजून मिळतात, मोजून परत द्यायच्या.
एक कमी भरली की दार बंद,
सगळे गुडघ्यांवर.
दोरा दातानं तोडायला सक्त मनाई.
पहिल्या आठवड्यात तीनदा बोलणी खाल्ली मी.
बार्शीच्या दुकानात अण्णा
कात्री मांडीवर असतानाही दोरा दातानंच तोडायचे,
पुढच्या दाताला खाच पडली होती त्यांच्या.

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा,
यांची संगत नको रे बाप्पा’
शाळेत पोरं मला बघून म्हणायची.
शिंप्याचा वायदा काय असतो, मला विचारा.
काजं तेवढी राहिलीत. उद्या या.
म्हणून रॉकेट तीनदा पुढे ढकललं
तेव्हा कारखान्यात मी एकटीच हसले.
एकदा हेलियम गळत होता, एकदा वारा,
एकदा कुणाची तरी बोट समुद्रात नको तिथे आली.
उद्या या.

चौथ्या खेपेला उडालं. चौघं होते.
माझी कणीक मळून होईस्तोवर कक्षेत पोचले,
स्टेशनाला जोडून घ्यायला मात्र दीड दिवस.
झडप उघडली, एकेक जण तरंगत आत आला,
गळाभेटी झाल्या, पडद्यावर नाव उमटलं : लोरेन टिबेट्स.
चेहरा सुजलेला, केस चहूकडे.
मी हात बघत होते.
करंगळी वाकडी.
बाई गं, म्हटलं, तूच ती.

सहाव्या आठवड्यात ती बाहेर पडली,
जिथे उन्हात पाणी उकळेल आणि सावलीत हाड तडकेल.
थोड्या थोड्या वेळानं हातमोजे कॅमेऱ्यासमोर धरायचे असतात,
उलटसुलट, नव्या नवरीनं मेंदी दाखवावी तसे.
तिसऱ्यांदा धरले तेव्हा म्हणाली,
डाव्या अंगठ्याशी उसवल्यासारखं दिसतंय.

तिनं इंग्रजीत दुसराच शब्द वापरला असणार.
मला हा ऐकू आला.

ह्यूस्टननं तिला आत बोलावलं,
पानं घेतल्यावर हाक मारावी तितक्या शांतपणे.
झडपेपर्यंत यायला पस्तीस मिनिटं.
तेवढ्यात त्या अंगठ्याची शिवण
मी सतरा वेळा घातली, सतरा वेळा उसवली.

सोमवारी अहवाल आला. शिवण शाबूत.
बाहेरच्या कठड्यावर कधीतरी
मोहरीएवढा दगड आपटला होता,
त्या खळग्याची धार कापडाला लागली.
डेब्रा म्हणाली, सुटलीस.
मी हो म्हटलं,
आणि दिवसभर सुईत दोरा ओवता आला नाही.

संध्याकाळी बोवर्स बीचवर गेले.
या दिवसांत भरतीबरोबर खेकडे येतात,
घोड्याच्या नालाच्या आकाराचे, ढालीएवढे.
लाट परतली की कितीतरी उताणे राहतात,
पाय हवेत, शेपूट वाळूत टोचत.
कडेला धरून पालथं करायचं, बस्स.
शेपटीला धरायचं नाही, तुटते.
नववा उलटवत होते तेव्हा स्टेशन डोक्यावरून गेलं,
ठसठशीत, जराही न लुकलुकता.
मी वर बघितलं,
हातातला आधी खाली ठेवून.

घरी येऊन नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावलं.
कात्री समोर होती.
दोरा दातानं तोडला.